जिभेत राहिलेली शाई

काळ्या शाईचं फाउंटन पेन नळाखाली धरलं, दोन-चार वेळा पाणी भरून सोडलं, निर्मळ पाणी यायला लागलं, की बहुतेकांच्या लेखी पेन धुऊन झालं. मग त्यात लाल किंवा हिरवी भरली जाते. पहिल्या ओळी बऱ्या उमटतात. पान संपता संपता लाल रंग विटकरी होत जातो, हिरवा काळवंडतो आणि दोष जातो नव्या शाईच्या माथी. नवी शाई चांगलीच असते. जुनीही पेनातच असते, पाणी जिथे पोचलं नाही तिथे बसलेली.

ही जागा म्हणजे निबच्या पोटाशी लागून असलेली जीभ, म्हणजेच फीड. भिंगाखाली धरून पाहावा असा हा तुकडा आहे. वरच्या अंगाला लांबीभर एक खाच असते आणि त्या खाचेच्या तळाशी केसाएवढ्या बारीक चिरा. चिरांतून शाई निबकडे उतरते, खाचेतून हवा उलटी वर चढते. शाई किती उतरायची ते या देवाणघेवाणीवर ठरतं. लुईस वॉटरमनने 1884 साली पेटंट घेतलं ते अशाच जिभेचं; त्यामुळे पेन भळाभळा गळायचं थांबलं आणि खिशात ठेवण्याजोगं झालं. पुढे जिभेला आडवे दाते आले. हाताच्या उबेने टाकीतली हवा फुगली की जास्तीची शाई खाली ढकलली जाते. ती कागदावर न पडता या दातांच्या फटींत थांबते. पेन धुताना त्रास देतात ते हेच दाते. वरून सोडलेलं पाणी मधल्या खाचेच्या सरळ वाटेने निघून जातं आणि फटींतली शाई जागची हलत नाही. बाहेर निर्मळ पाणी पडतं, आत रंग तसाच.

म्हणून पेन धुण्यात जोराला फार काम नाही. पाणी फटीत शिरायला आणि रंग त्यात उतरायला वेळ लागतो, आणि तो दिला की बाकीचं आपोआप होतं. पण खानदेशात याला एक पुरवणी जोडावी लागते: पाणी कोणतं, आणि ते कधीचं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बोअरच्या पाण्याची ओळख कुणाला करून द्यायला नको. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, कूलरच्या गवतावर उन्हाळा संपेपर्यंत पांढरी खपली धरते. काळ्या कातळातून आणि तापीच्या गाळातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्यालायक ठरलेलं पाणीसुद्धा वाळल्यावर लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त पूड मागे ठेवू शकतं. पेनात उरणारं पाणी थेंब-दोन थेंबच, त्यामुळे एका धुण्याने काही बिघडत नाही. पण दर वेळी शेवटचं पाणी बोअरचंच असेल आणि ते जिभेतच वाळत असेल, तर कूलरच्या गवताचं होतं तेच केसाएवढ्या चिरांचं होतं, फक्त सावकाश. पेन हळूहळू कोरडं लिहायला लागतं आणि कारण कळत नाही.

उपाय स्वस्त आहे. पहिली धुणी नळाच्या पाण्याने खुशाल करावीत, त्यात आरओचं पाणी वाया घालवू नये. भिजत ठेवायचं आणि शेवटी खळबळायचं पाणी मात्र आरओचं घ्यावं. एका पेनाला दोन पेले पुरतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर त्याहून उत्तम, पण दुकानात मागताना आणि घरी आल्यावर कॅनवरचं लेबल नीट वाचावं. बॅटरीचं आम्लही तिथेच, तशाच कॅनमधून विकतात. ते हाताला भाजतं, आणि पोलादी निबची तर वाट लावतं.

पाणी कधीचं, हेही बघायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटके देतं. इतकं गरम पाणी पेनाला चालत नाही. एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, त्याचा काळा रंग गरम पाण्याने तपकिरी-भुरकट पडतो आणि चकाकी जाते. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांसारखी देशी एबोनाइटची पेनं वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावंच. एबोनाइटची जीभ उकळीच्या जवळपासच्या पाण्यात मऊ पडते. दुरुस्ती करणारे त्याचाच उपयोग करून ती निबला बसेल अशी वळवतात. नकळत तसं झालं तर जीभ आणि निब यांच्यात फट पडते आणि पेन अडायला लागतं. जुन्या पेनांतले लाखेने चिकटवलेले सांधे सुटतात, सेल्युलॉइड वाकतं. सकाळी भरून ठेवलेलं, घरातल्या हवेइतकं थंड झालेलं पाणी घ्यावं. कोमट केलंच तर बोट बिनदिक्कत बुडवून ठेवता येईल इतकंच.

आता प्रत्यक्ष काम. कन्व्हर्टरच्या, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी सुटी टाकी असलेल्या, पेनाला त्याच कन्व्हर्टरने पाणी खेचून सोडत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. त्यात पाऊण मिलिलिटरच्या आसपास मावतं, म्हणजे दहा वेळा फिरवून साडेसात मिलिलिटर पाणी फिरतं. मेडिकलमध्ये कान धुण्याची रबरी पिचकारी मिळते, 30 मिलिलिटरची. तिचं तोंड सेक्शनच्या, म्हणजे आपण बोटांनी धरतो त्या भागाच्या, मागच्या भोकात बसवायचं आणि हलक्या हाताने दाबायचं. एका दाबात कन्व्हर्टरच्या चाळीस खेपांचं पाणी जिभेतून जातं. तोंड बसत नसेल तर ब्लेडने थोडं थोडं कापून बसवावं. दाबताना दुसऱ्या हाताचं बोट निबवर हलकं टेकलेलं असू द्यावं, कारण सैल बसलेली जीभ पाण्याच्या धक्क्याने निबसकट निघून येते. आणि हे काम बेसिनवर करायचंच असेल तर आधी जाळीवर गाळणी ठेवावी.

अशा दोन-तीन पिचकाऱ्या साध्या पाण्याच्या. मग पाव लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून त्याच्या दोन पिचकाऱ्या. एक थेंब म्हणजे एकच. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी बारीक फटीत शिरतं, चिकटलेला रंग सुटतो, एवढ्यासाठीच तो. पण हाच साबण आत राहिला तर पुढे शाईचाही ताण कमी करतो. मग पेन गरजेपेक्षा ओलं चालतं, अक्षरांना पिसं फुटतात आणि पानाच्या मागे शाई उतरते. शाई बदलल्यावर कागद अचानक वाईट वाटायला लागला तर कागद बदलण्याआधी पेन पुन्हा साध्या पाण्याने धुवावं. साबणानंतर किमान पाच-सहा पिचकाऱ्या साध्या पाण्याच्या हव्यातच.

इथवर दहा मिनिटं लागतात. यापुढचं काम पाणी स्वतःच करतं. काचेच्या पेल्यात आरओचं पाणी घेऊन सेक्शन निब खाली करून त्यात उभा ठेवावा आणि पेल्यामागे पांढरा कागद धरून बघावं. पाणी हललं नाही तर निबच्या चिरेतून रंगाचा एक बारीक धागा सुटतो आणि सरळ तळाकडे उतरतो. शाई पाण्यापेक्षा जड असते म्हणून तो पसरत नाही, खाली जाऊन तळाशी साचतो. ज्या पेनातून शेवटची पिचकारी अगदी निर्मळ निघाली, त्याच्याही निबखाली हा धागा दिसतो. जीभ धुतली गेली की नाही याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. धागा थांबला की पाणी बदलावं. दोन-तीन तासांनी पुन्हा बघावं. निळी असेल तर दोन पाण्यांत काम होतं. काळी, जांभळी, गडद लाल रात्रभर घेतात. सेक्शनला मुलामा दिलेली कडी असेल तर ती रात्रभर पाण्यात ठेवू नये, मुलामा उडतो. फक्त निब बुडेल इतकंच पाणी घ्यावं, जीभ ते स्वतःच वर ओढते.

मग टिपकागद. पाणी निथळून सेक्शन टिश्यूच्या चार पदरी घडीवर निब टेकवून एका छोट्या स्टीलच्या पेल्यात उभा ठेवायचा. पाण्यात जे सुटलं नाही ते कागद ओढून घेतो. काळी शाई इथे उघडी पडते: तिच्यात मिसळलेले रंग कागदावर वेगळे होतात आणि ओल्या डागाभोवती जांभळी, निळी, कधी पिवळसर कड उमटते. डाग नुसता पाण्याचा असेल तर पेन तयार. फिकट छटा असेल तर पुढची शाई कोणती यावर ठरवावं. निळ्यानंतर निळी-काळी भरायची असेल तर त्या छटेने काही होत नाही. पिवळी, केशरी किंवा गुलाबी भरायची असेल तर डाग पूर्ण निर्मळ येईपर्यंत थांबावं. फिकट शाईत पाव थेंब काळी लपत नाही.

ज्या पेनांचा सेक्शन असा वेगळा निघत नाही त्यांची गोष्ट निराळी. हिरो 329 किंवा 336 सारख्या झाकलेल्या निबच्या, दाबून भरायच्या पेनात रबरी पिशवीच्या आत एक बारीक नळी असते. पिशवी दाबली की नळीच्या वरचं पाणी निघतं, खालचं राहतं. म्हणून नुसतं पंधरा-वीस वेळा दाबून ते पुरतं साफ होत नाही. पाणी भरून, निब खाली करून रात्रभर ठेवावं, सकाळी सोडावं आणि पुन्हा भरावं. दोन-तीन दिवसांचा हा धीमा क्रमच त्याला मानवतो. त्याची निब ओढून काढायच्या भानगडीत पडू नये, निबवरचं पातळ आवरण चिरतं. पिस्टनच्या, म्हणजे मागचा भाग फिरवून थेट नळीत शाई ओढणाऱ्या, पेनात पिस्टन सावकाश वरखाली करावा, शेवटी पाणी भरून तसंच ठेवावं. त्याच्या मागच्या कप्प्यात शाई दिसते म्हणून तो खोलायचा मोह होतो. कारखान्याने लावलेलं वंगण त्यात जातं आणि पिस्टन अडखळतो.

ड्रॉपरने भरायची देशी पेनं मात्र धुवायला सगळ्यांत सोपी. नळीत दोन ते चार मिलिलिटर शाई मावते, ती नळी सरळ नळाखाली धरून बाटलीसारखी धुता येते. निब आणि जीभ बहुतेक पेनांत नुसत्या घट्ट बसवलेल्या असतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा घेऊन निब-जीभ सेक्शनच्या अगदी तोंडाशी, खांद्यावर धरायची आणि न पिळता सरळ ओढायची. टोकाकडे धरलं तर निबचे काटे फाकतात आणि दातेही मोडतात. काढण्याआधी निब किती बाहेर आहे ते पेन्सिलच्या बारीक खुणेने किंवा मोबाइलच्या फोटोने टिपून ठेवावं, कारण परत बसवताना अर्धा मिलिमीटरही शाईच्या वाहण्यात फरक करतो. तरी माझं मत असं, की प्रत्येक रंगबदलाला निब काढू नये. वारंवार काढ-घाल केली की पकड सैल होते आणि पुढे लिहिताना जीभ फिरते. टिपकागद दोन दिवसांनीही रंग ओढत असेल, किंवा शाई आत वाळून बसली असेल, तरच काढावी. काढलीच तर जुन्या मऊ टूथब्रशने दात्यांच्या दिशेने घासावं. सेक्शन आणि नळीच्या आट्यांवरचं ग्रीस साबणाने गेलेलं असतं. नव्या शाईआधी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. व्हॅसलीन नको, त्याने रबरी रिंग फुगते आणि मऊ पडते.

खानदेशातल्या उन्हाळ्यात शाई वाळून बसण्याचं प्रमाण जास्त असतं. पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा कोरडी, टोपण जरा सैल असलं तरी शाईतलं पाणी आटत राहतं आणि रंग घट्ट होऊन जिभेत उरतो. इतर वेळी महिन्या-दीड महिन्याने पेन धुतलं तर चालतं. मार्च ते जून दर दोन-तीन आठवड्यांनी धुवावं, रंग बदलायचा नसला तरी. पेपर तपासणीचे दिवसही हेच. लाल शाईला वेगळं पेन ठेवावं, निळ्याच्या पेनात लाल आणि पुन्हा निळी अशी फिरवाफिरव करू नये. लालमधले काही रंग प्लास्टिकला आणि कन्व्हर्टरला कायमचा गुलाबी डाग देतात. असा डाग दिसतो तेवढाच. तो पुढच्या शाईत उतरत नाही, तेव्हा तो घासून काढायला स्पिरिट वापरू नये. स्पिरिटने पारदर्शक प्लास्टिकला बारीक तडे जातात.

शाईची जातही बघावी लागते. कॅमलच्या रॉयल ब्ल्यूसारखी धुऊन जाणारी निळी पाण्यात निम्मी आधीच सुटते. लोहयुक्त निळी-काळी, जी कागदावर हवेने काळी पडत जाते, तिचं तंत्र उलटं. ती आम्लधर्मी असते आणि तशीच असेपर्यंत विरघळलेली राहते. साबण, अमोनिया किंवा क्षाराचं बोअरचं पाणी तिला लागलं की लोह साक्यासारखं खाली बसतं, तेही जिभेच्या आत. या शाईला पहिल्यापासून आरओचंच पाणी द्यावं आणि सगळा रंग गेल्याशिवाय साबण लावू नये. काळे-तपकिरी कण उरलेच तर अर्धी वाटी पाण्यात चिमूटभर ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड, घालून तासभर भिजवावं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावं. चघळायच्या गोळ्या चालत नाहीत, त्यांत साखर आणि रंग असतात. पेन अमोनियाच्या पाण्याने धुण्याचा सल्ला काही जण देतात; साध्या, म्हणजे लोह नसलेल्या, पण हट्टी रंगांसाठी तो बरोबर आहे. घरगुती सौम्य अमोनिया एक भाग, पाणी दहा भाग. पण आपल्याकडे मिळतो तो बहुधा प्रयोगशाळेचा तीव्र द्राव. त्याची वाफ डोळ्यांना-छातीला लागते आणि पितळी भागही खराब होतात. भिजवायला आणखी एक दिवस दिला तर त्याची गरज क्वचितच पडते.

आणि एका शाईबद्दल स्पष्ट सांगायलाच हवं. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी, जिला इंडियन इंक म्हणतात, ती फाउंटन पेनात कधीही भरू नये. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात, जे 1927 साली स्थापन झालं, किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखितं पाहिली की वाटतं, अशी शतकं टिकणारी काळी शाई आपल्या पेनात का नको. ती काजळीची शाई आहे, डिंकात खललेली, आणि ती बोरूसाठी होती. बोरू बुडवायचा, लिहायचा, पुसायचा; त्याच्या पोटात केसाएवढी वाट नाही. काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, ते तरंगत असतात, आणि डिंक किंवा लाख वाळली की त्यांना जागच्या जागी पकडून ठेवते. अशी शाई वाळलेली जीभ बहुतेक वेळा बदलावीच लागते. फाउंटन पेनासाठी म्हणून विकतात त्या पिगमेंट शाया वेगळ्या, त्यांचे कण फार बारीक केलेले असतात. पण त्याही पेनात वाळू देऊ नयेत, आणि उन्हाळ्यात तर आठवड्यापेक्षा जास्त पडू देऊ नयेत.

टोपण सगळे विसरतात. त्याच्या आत बहुधा आणखी एक छोटी टोपी असते, निबवर हवाबंद बसणारी, आणि तिच्या तळाशी जुन्या शाईचे थेंब वाळलेले असतात. धुतलेली निब त्यात गेली की रंग परत. कान कोरायची कापसाची काडी ओली करून आत फिरवावी, ती पांढरी निघेपर्यंत. टोपण पाण्यात टाकून ठेवू नये, क्लिपच्या मुळाशी पाणी अडकून गंज धरतो.

वाळवायला ऊन नको, हेअर ड्रायरही नको. टिपकागदावर निब खाली, पंख्याच्या वाऱ्याला, एक दिवस. उन्हाळ्यात आठ-दहा तासही पुरतात, पण कूलरच्या खोलीत ठेवलं तर तिथली ओल वाळू देत नाही, त्यामुळे दुसऱ्या खोलीत ठेवावं. पावसाळ्यात दोन दिवस धरावेत. घाई असेल तर सेक्शन टिश्यूत गुंडाळून, निब बाहेरच्या बाजूला ठेवून, मुठीत घट्ट धरून अंगणात चार-पाच झटके द्यावेत. आतलं पाणी कागदात उतरतं.

थोडं पाणी राहिलंच तर पहिल्या दोन-तीन ओळी फिकट येतात आणि मग रंग भरतो, त्याची काळजी नको. काळजी बाटलीची घ्यावी. नुकतं धुतलेलं पेन थेट नव्या बाटलीत बुडवलं तर जिभेतलं पाणी आणि उरलासुरला रंग बाटलीत जातो आणि पुढे प्रत्येक भरणीबरोबर पेनात येतो. पाणी मिसळत गेलं की शाईतलं बुरशीरोधकही पातळ होतं, मग पावसाळ्यात बाटलीत पांढरे तंतू दिसतात. अशी बाटली फेकूनच द्यावी. सुईचं टोक बोथट करून पाच मिलिलिटरची इंजेक्शनची सिरिंज या कामाला ठेवावी. शाई सिरिंजने कन्व्हर्टरमध्ये भरावी, कन्व्हर्टर सेक्शनला लावावा, त्याचं मागचं टोक हळूच फिरवून दोन थेंब टिपकागदावर सोडावेत आणि निब पुसून लिहायला घ्यावं. सोडलेले थेंब बाटलीत परत ओतू नयेत.